महाविद्यालयाचा पाच वर्षांचा विकास आराखडा : पहिल्यांदाच हाती घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी

जून महिन्यात महाविद्यालय उघडले की समित्यांच्या याद्या सूचनाफलकावर लागतात, आणि एखाद्या वर्षी ‘विकास आराखडा समिती, समन्वयक’ या शब्दांपुढे आपले नाव दिसते. माझ्या बाबतीत असेच झाले. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या अनुदानित महाविद्यालयात मी शिकवतो. आराखडा कसा करतात हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून मी सर्वांत सोपा मार्ग धरला : दुसऱ्या एका महाविद्यालयाचा तयार आराखडा मिळवला आणि त्यातली नावे बदलली. महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत एका स्थानिक सदस्याने अकरावे पान उघडले आणि शांतपणे विचारले, “सर, किनारपट्टीवरच्या विद्यार्थ्यांसाठी आपण काय करणार आहोत, असे इथे लिहिले आहे. आपल्या तालुक्यात समुद्र कधी आला?” मूळ आराखडा कोकणातला होता. तो मसुदा मी त्याच दिवशी बाजूला ठेवला आणि नव्याने सुरुवात केली. पुढील टप्पे त्या दुसऱ्या खेपेतले आहेत.

१. कोणता आराखडा आपल्याला करायचा आहे, हे आधी ठरवून घ्या

‘आराखडा’ हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या कागदांसाठी वापरला जातो आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथेच होतो. पहिला कागद विद्यापीठाचा बृहत् आराखडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम १०७ नुसार विद्यापीठाने दर पाच वर्षांसाठी तो तयार करायचा असतो. आपल्या कार्यक्षेत्रात कोणत्या ठिकाणी कोणते नवे महाविद्यालय वा अभ्यासक्रम हवे आहेत, विशेषतः उच्च शिक्षणाची सोय नसलेल्या किंवा अपुरी असलेल्या भागांत, हे त्यात ठरते. तो महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाकडून, म्हणजे माहेडकडून मान्य व्हावा लागतो. दुसरा कागद आपल्या महाविद्यालयाचा संस्थात्मक विकास आराखडा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये त्याचा उल्लेख आहे आणि त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सहाव्या निकषात दीर्घकालीन नियोजनाविषयी विचारणा होते, तिचे उत्तरही याच कागदातून द्यावे लागते. तिसरा कागद दरवर्षीचा कृती आराखडा. तो दुसऱ्यातून निघतो.

हा लेख दुसऱ्या कागदाविषयी आहे, पण पहिला वाचल्याशिवाय दुसरा लिहू नये. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली येथील महाविद्यालयांनी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा बृहत् आराखडा पाहावा. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ या काळाचा आहे. बृहत् आराखड्यात जागा दाखवलेली नसेल तर नव्या महाविद्यालयाचा प्रस्ताव विचारातच घेतला जात नाही, त्यामुळे आपली संस्था दुसऱ्या गावी शाखा काढण्याचे स्वप्न पाहत असेल तर ते आपल्या आराखड्यात लिहून काहीही साधत नाही. दुसरे असे की आपली पाच वर्षे आणि विद्यापीठाची पाच वर्षे सहसा जुळत नाहीत. २०२६ पासूनचा आराखडा करणाऱ्याची पहिली तीन वर्षे चालू बृहत् आराखड्यात आणि उरलेली पुढच्यात पडतात. पुढच्या बृहत् आराखड्यासाठी विद्यापीठाकडून सूचना मागवल्या जातील तेव्हा आपले म्हणणे लेखी द्यायचे आहे, ही नोंद पहिल्याच दिवशी करून ठेवा.

२. लिहिण्याआधी ठराव घ्या

अधिनियमाच्या कलम ९७ नुसार महाविद्यालयाच्या शैक्षणिक, प्रशासकीय आणि भौतिक वाढीचा सर्वंकष आराखडा तयार करणे हे महाविद्यालय विकास समितीचे काम आहे. आपण आणि आपले सहकारी तो त्या समितीसाठी लिहीत असतो. म्हणून आपली उपसमिती, तिची मुदत आणि तिला कोणकोणत्या नोंदी पाहता येतील, यांचा ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावांसह इतिवृत्तात येऊ द्या. हा ठराव नसेल तर लेखा विभागात गेल्यावर “सर, तोंडी कसे देऊ?” असे उत्तर मिळते, आणि ते देणाऱ्या लिपिकाचे काही चुकत नाही.

उपसमिती पाच-सहा जणांहून मोठी नसावी. ग्रंथपाल, कार्यालयीन अधीक्षक आणि किमान एक विद्यार्थिनी तीत असावी, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या मसुद्यातील सर्वांत उपयोगी दुरुस्ती एका विद्यार्थिनीने सुचवली होती. मुलींच्या कक्षाला आतून कडी नव्हती आणि आम्ही तिथे वातानुकूलन यंत्र मागत होतो.

३. कागद गोळा करा

यासाठी एक महिना ठेवा. पुढील कागद हाती आल्याशिवाय एकही वाक्य लिहू नका :

– मागील पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि अंदाजपत्रके
– मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षणाचे, याची नोंद) आणि प्रत्येक विभागाचा कार्यभार
– प्रवेश, परीक्षेस बसलेले आणि उत्तीर्ण विद्यार्थी, वर्ग व विषयनिहाय
– महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीधारकांची यादी
– जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, इमारतीचा मंजूर नकाशा, अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र
– जडवस्तू नोंदवही आणि ग्रंथालयाची दाखल नोंदवही
– नॅकचा मागील मूल्यांकन अहवाल आणि त्यानंतरचे वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल
– संलग्नीकरणासाठी आलेल्या समित्यांचे अहवाल
– विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियमाच्या कलम २(फ) व १२(ब) खालील मान्यतेचे पत्र, असल्यास

यातील जडवस्तू नोंदवही, म्हणजे ज्याला कार्यालयात सगळे ‘डेडस्टॉक’ म्हणतात ती, हातात घेऊन एकदा सगळ्या खोल्या फिरा. आम्ही फिरलो तेव्हा भाषा प्रयोगशाळेतील वीस संगणक निळ्या प्लास्टिकखाली सुस्थितीत सापडले. त्यांना अखंड वीज पुरवणारा संच (यूपीएस) बंद पडला होता आणि त्याच्या बॅटऱ्या बदलण्याची तरतूद कोणत्याच वर्षीच्या अंदाजपत्रकात नव्हती. माझ्या पहिल्या मसुद्यात ‘नवीन भाषा प्रयोगशाळा उभारणे’ अशी ओळ होती. ती ओळ तिथेच खोडली आणि तिच्या जागी बॅटऱ्यांची ओळ आली.

एक सापळा लक्षात ठेवा : अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, नॅकचा वार्षिक अहवाल आणि विद्यापीठाला दिलेली माहिती यांतील विद्यार्थिसंख्या एकमेकींशी जुळत नाही. प्रत्येकाची संदर्भ तारीख वेगळी असते, आणि दरवेळी भरणारा माणूसही वेगळा असतो. आपण कोणता आकडा का धरला, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर एका ओळीत लिहून टाका.

४. सेवानिवृत्तीचा तक्ता मांडा

सर्व तक्त्यांत हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वेळा केला जाणारा तक्ता आहे. डाव्या बाजूला प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव, वरच्या बाजूला पाच वर्षे आणि ज्या महिन्यात तो निवृत्त होतो त्या चौकटीत फुली. अध्यापकांसाठी वयाची साठ वर्षे धरा. शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे नियम वेगळे असल्याने त्यांच्या तारखा कार्यालयाकडून सेवापुस्तकांवरून घ्या. आमच्या फळ्यावर हा तक्ता काढला तेव्हा रसायनशास्त्राच्या रांगेत पहिल्या तीन वर्षांतच दोन फुल्या आल्या. याच विभागात पदव्युत्तर वर्ग सुरू करण्याचा प्रस्ताव आम्ही उत्साहाने लिहिला होता, आणि तो वर्ग उघडेपर्यंत विभागात एकच पूर्णवेळ अध्यापक उरणार होता.

रिकामे पद भरणे एका वर्षाचे काम नाही, हे मराठवाड्यातील कोणत्याही अनुदानित महाविद्यालयाला वेगळे सांगायला नको. कार्यभाराची तपासणी, बिंदुनामावलीची पडताळणी, शासनाचे ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, विद्यापीठाकडून निवड समितीवरील प्रतिनिधी, मग मुलाखत आणि त्यानंतर मान्यता, अशी ही साखळी आहे. तिच्यातील एक कडी अडकली तर पुढच्या सगळ्या थांबतात. तोवर वर्ग तासिका तत्त्वावरील अध्यापक चालवतात. त्यांच्या जोरावर दैनंदिन अध्यापन निभावते, पण संशोधन प्रकल्प, नवा अभ्यासक्रम किंवा पाच वर्षांची जबाबदारी त्यांच्या नावावर लिहिणे त्यांच्यावर अन्यायाचे आणि आराखड्यासाठी धोक्याचे आहे. म्हणून प्रत्येक उद्दिष्टापुढे ते पार पाडणारा माणूस त्या वर्षी सेवेत असेल का, हे तक्त्यावर बोट ठेवून तपासा. आमच्या मसुद्यातील जवळपास एक तृतीयांश ओळी या एका तपासणीत गळाल्या.

५. विद्यार्थी कुठून येतो आणि कधी येईनासा होतो, ते पाहा

बहुतेक आराखड्यांत ‘ग्रामीण व आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थी’ हे शब्द असतात आणि त्यांच्या पुढे काहीच नसते. प्रवेश अर्जांवरून गावांची यादी करा आणि नकाशावर टिंबे द्या. मग एसटीच्या आगारात जाऊन त्या गावांच्या गाड्यांच्या वेळा लिहून आणा. आमच्याकडे एका बाजूच्या गावांतली सकाळची पहिली गाडी पावणेनऊला पोहोचत होती आणि विज्ञान शाखेचा पहिला तास आठला होता. त्या मुलांची पहिल्या तासाची अनुपस्थिती आम्ही वर्षानुवर्षे बेशिस्तीत जमा करीत आलो होतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे : बारावीपर्यंत त्यांना एसटीचा मोफत पास असतो, पदवीच्या पहिल्या वर्षी तो संपतो, आणि सवलत असली तरी पासासाठी घरातून पैसे मागावे लागतात. पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात न आलेल्या मुलींची गावे या दृष्टीने तपासा.

त्यानंतर हजेरीपटांवरून महिनावार सरासरी काढा. बीड जिल्ह्यात, आणि आसपासच्या जिल्ह्यांतील काही तालुक्यांतही, दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. काही विद्यार्थी आईवडिलांबरोबर जातात. काही मागे राहून घर, जनावरे आणि धाकटी भावंडे सांभाळतात. दुसरे सत्र नेमके याच महिन्यांत चालते. हा आलेख समोर ठेवला तर आराखड्यातील मागण्याच बदलतात. आम्ही मोठ्या सभागृहाची मागणी खाली सरकवली आणि वसतिगृहाच्या जागा वाढवणे, सुट्टीच्या दिवशी पूरक वर्ग घेणे आणि दूरध्वनीवरून चौकशी करणारा पालक-शिक्षक नेमणे, या तीन गोष्टी पहिल्या वर्षात आणल्या. तिसऱ्या गोष्टीला जवळजवळ काहीच खर्च नव्हता. वर्गात मुले टिकून राहिली, तर ती सर्वाधिक हिच्यामुळे.

६. पाणी, वीज, छप्पर

लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. तरीही वसतिगृहाच्या प्रस्तावात खोल्या, खाटा आणि भोजनगृह असते. पाणी मात्र ‘विहीर उपलब्ध’ या दोन शब्दांत उरकलेले असते. आपल्या विहिरीला आणि कूपनलिकेला फेब्रुवारी ते मे या महिन्यांत किती पाणी असते, टँकर किती मागवले आणि त्यांवर किती खर्च झाला, हे मागील पाच वर्षांच्या देयकांवरून काढा. छपरावरील पावसाचे पाणी कूपनलिकेत उतरवण्याचे काम कोणत्याही नव्या इमारतीच्या आधी लिहा.

बांधकामाचा अंदाज शेजारच्या कंत्राटदाराला विचारून घेऊ नका. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवरून परवानाधारक अभियंत्याकडून तो करून घ्या आणि त्यात वस्तू व सेवा कर धरला आहे का, ते स्वतः पाहा. आमच्याकडे तो धरायचा राहिला होता, आणि त्यामुळे कुंपणभिंत तीन बाजूंनीच पूर्ण झाली.

७. नवे अभ्यासक्रम : थोडे आणि परिसराला धरून

मोहाचे सर्वांत मोठे ठिकाण हे आहे. शेजारच्या महाविद्यालयाने जे सुरू केले ते आपणही लिहितो. त्याऐवजी पन्नास किलोमीटरच्या परिसरात कोणते काम चालते ते पाहा. जालन्यात पोलाद आणि बियाणे उद्योग आहे, लातुरात डाळ आणि सोयाबीनवरील प्रक्रिया आहे, अजिंठा-वेरूळच्या भोवती पर्यटन आहे, परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. बियाणे तपासणीचा एक छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम वनस्पतिशास्त्र विभागाला झेपतो. त्याऐवजी विदा विज्ञानाची (डेटा सायन्सची) पदवी काढण्याचा हट्ट नको. अभ्यासक्रम स्वयंअर्थसहाय्यित असेल तर किती विद्यार्थ्यांच्या खाली तो तोट्यात जातो, हा आकडा आराखड्यात लिहा आणि सलग दोन वर्षे प्रवेश त्याखाली राहिल्यास तो बंद करण्याची तरतूदही तिथेच करा. चौथ्या वर्षाच्या ऑनर्स पदवीचा विचार करताना पुन्हा चौथ्या टप्प्यातील तक्ता उघडा.

८. पैशाचे पान

पैशाच्या स्रोतांचे तीन गट करा : हाती असलेला, मागता येणारा आणि केवळ आशेचा. संस्थेचा इमारत निधी आणि विद्यार्थ्यांचे विकास शुल्क पहिल्या गटात येते. केंद्र-राज्य योजना दुसऱ्यात येतात. २०१३ ची रुसा (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान) आणि तिच्या जागी २०२३ मध्ये आलेली पीएम-उषा या त्यांतल्या ठळक, आणि आपल्या राज्यासाठी त्यांत केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असा आहे. खासदार-आमदार निधी, उद्योगांचा सामाजिक दायित्व निधी आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या मी तिसऱ्या गटात ठेवतो, कारण त्या येतात तेव्हा आनंद होतो, पण त्यांच्या भरवशावर पाया खणता येत नाही. पहिल्या दोन वर्षांतील कामे केवळ पहिल्या गटातील पैशावर आखा.

दोन सापळे. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते, आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. ‘पहिल्या वर्षी’ असे नुसते लिहिले तर लेखा विभाग आणि विभागप्रमुख वेगवेगळी वर्षे धरतात, आणि मार्चअखेर खर्च न झालेल्या रकमेवरून वाद होतात. म्हणून महिना आणि सन लिहा. दुसरा सापळा देखभालीचा. प्रत्येक खरेदीपुढे तिच्या वार्षिक देखभालीची रक्कम पुढील सर्व वर्षांत दाखवा. निळे प्लास्टिक पांघरलेले संगणक आठवा.

९. आता लिहा, आणि थोडके लिहा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत प्रशासन, वित्त, अध्यापन, संशोधन, मनुष्यबळ, सहकार्य, भौतिक सुविधा आणि डिजिटल सुविधा असे भाग आहेत. ती चौकट घ्या, पण प्रत्येक भाग सारख्याच लांबीचा भरण्याचा प्रयत्न करू नका. ज्या महाविद्यालयात संशोधन केंद्र नाही तिथे संशोधनावर आठ पाने कशासाठी? ध्येय, दृष्टी आणि उद्दिष्टांची पाने शेवटी लिहा; तोवर आपल्याला काय झेपते ते कळलेले असते.

प्रत्येक ओळीत काम, महिना, जबाबदार पद, पैशाचा स्रोत आणि पूर्ण झाल्याचा पुरावा, या पाच गोष्टी हव्यात. ‘विज्ञान शाखा बळकट करणे’ ही ओळ तपासता येत नाही. ‘रसायनशास्त्राच्या दुसऱ्या प्रयोगशाळेतील गॅसवाहिनी व धूर बाहेर टाकणारे पंखे मार्च २०२७ पूर्वी बदलणे, जबाबदारी विभागप्रमुख, खर्च इमारत निधीतून, पुरावा काम पूर्ण झाल्याचा दाखला व देयक’ ही ओळ शिपाईसुद्धा तपासू शकतो. जबाबदारीच्या रकान्यात व्यक्तीचे नाव न लिहिता पद लिहा, म्हणजे बदली वा निवृत्तीनंतर ओळ अनाथ होत नाही. आमचा दुसरा मसुदा चौतीस पानांचा झाला, पहिला एकशे दहा पानांचा होता.

१०. मंजुरी, आणि त्यानंतरचे कपाट

मसुदा आधी अध्यापकांच्या सभेत आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या सभेत स्वतंत्रपणे वाचा. एकत्र सभेत शिक्षकेतर मंडळी बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मग तो अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या बैठकीत आणि तेथून महाविद्यालय विकास समितीपुढे न्या. समितीच्या वर्षाला किमान चार बैठका व्हाव्यात असे अधिनियम सांगतो, तेव्हा त्यातील एका बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘विकास आराखड्याचा आढावा’ हा कायमचा विषय ठेवण्याचा ठराव मंजुरीच्या ठरावाबरोबरच करून घ्या. ही बैठक जानेवारीत ठेवणे सोयीचे, कारण पुढील वर्षाचे अंदाजपत्रक त्याच सुमारास आकार घेत असते. आढाव्यात न झालेल्या कामापुढे ‘प्रगतिपथावर’ लिहू देऊ नका. ‘झाले’, ‘झाले नाही, नवी तारीख अमुक’ किंवा ‘सोडून दिले, कारण अमुक’ एवढे तीनच शेरे ठेवा.

समन्वयक बदलतो. नव्या माणसाच्या हाती मंजूर आराखड्याची प्रत पडते, पण त्यामागचे तक्ते, देयकांच्या प्रती, एसटीच्या वेळा आणि खोडलेल्या ओळींची कारणे जुन्या समन्वयकाच्या पेनड्राइव्हमध्येच राहतात. त्या सगळ्याची एक जाड फाईल करा, पाने क्रमांकित करा, आणि कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीत तिची नोंद करून ती ग्रंथपालांच्या ताब्यात द्या. आमच्या फाईलच्या पहिल्याच पानाला तो जुना मसुदा, समुद्रकिनाऱ्याच्या ओळीसह, टाचून ठेवलेला आहे.